खंडेनवमीची रांगोळी

शेषगिरी हुदलीकरला एखादी वस्तू मनापासून आवडली की तो तिचे चित्र काढायचा, आणि तेही तीन बाजूंनी: वरून, समोरून आणि कडेने. मुलगी बघायला तो निपाणीला आला, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्याने कागद मागितला. मुलीच्या वडिलांना, हणमंतरावांना, वाटले की पत्रिका उतरवून घ्यायची असेल. त्याने झोपाळ्याच्या कड्या उतरवून घेतल्या. पितळी कडीची अशी बैठक आपण कुठेच पाहिली नाही, असे तो म्हणाला. दाराआड उभ्या असलेल्या विद्याने तेव्हाच ठरवले, हा माणूस आपल्याकडे बघो न बघो, याच्याकडे बघत आयुष्य मजेत जाईल.

हणमंतरावांनी होकार दिला तो मात्र नोकरीकडे पाहून. शेषगिरी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखान्यात यंत्रे तयार व्हायची, आणि त्या यंत्रांचे सुटे भाग आधी शेषगिरीच्या हातून कागदावर जन्म घ्यायचे. बांधलेला पगार, न्यायला-आणायला कारखान्याची बस आणि म्हातारपणी फंड. तंबाखूच्या वखारीत धुळीने खोकत आयुष्य काढलेल्या हणमंतरावांना फंड हा शब्द इतका आवडला होता, की तो लग्नपत्रिकेत छापायचाच तेवढा राहिला.

लग्न १९५९च्या मे महिन्यात झाले आणि विद्या बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरी आली. तीन खोल्या, मागे छोटे अंगण, आणि घरात तिसरे माणूस म्हणजे भागुबाई आत्या. शेषगिरीला लहानाचा मोठा त्यांनीच केला होता. पन्नास वर्षे बंगळुरात काढल्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मे कानडी मिसळले होते, आणि अंगात निम्म्या रक्ताच्या जागी कॉफी होती. पहाटे साडेपाचला एक, अकराला एक, तीनला एक. आत्याबाईंची देवावर श्रद्धा होती. भरवसा कॉफीवर होता.

दसऱ्याला शेषगिरीने दहा दिवसांची रजा काढली. लग्नानंतर दोघे कुठे गेली नव्हती, तेव्हा या रजेत म्हैसूरला जायचे, दिव्यांनी उजळलेला राजवाडा आणि हत्तींची मिरवणूक बघायची, असे त्याने श्रावणातच कबूल केले होते. विद्याची ट्रंक भरून तयार होती. हत्ती नीट बघून सविस्तर लिही, असे हणमंतरावांचे पत्रही येऊन पडले होते.

रजेच्या पहिल्या सकाळी शेषगिरी तिकिटे आणायला म्हणून गेला आणि खांद्यावर गोणी घेऊन आला. मागून मल्लाप्पा आला. मल्लाप्पाचे गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या कामाचे दुकान होते. त्याच्या डोक्यावर एक छोटे आडवे पिंप होते. मधून लोखंडी दांडा गेलेला आणि दांड्याच्या टोकाला फिरवायची मूठ. गोणीत हिरवट, कच्च्या कॉफीच्या बिया होत्या.

मागच्या अंगणात, मल्लाप्पा गेल्यावर, शेषगिरीने बायकोला सगळे सांगितले. सात वर्षे तो दुसऱ्यांच्या यंत्रांचे नट-बोल्ट कागदावर काढत होता. आपले स्वतःचे असे काही तरी पाहिजे. मल्लेश्वरममध्ये एक गाळा रिकामा होता. तिथे ताजी कॉफी भाजून, दळून विकायची. भाजणीचे यंत्र त्याने स्वतः आखले होते, मल्लाप्पाने बनवले होते. रजेचे दहा दिवस रोज भाजून बघायचे आणि कॉफी जमली, की कामावर हजर होताच राजीनामा द्यायचा. म्हैसूर काय, पुढच्या वर्षीही असेल.

राजीनामा लिहून तयार होता. विद्याने तो बघितला आणि तिला हसावे की रडावे कळेना. पांढऱ्या शुभ्र जाड कागदावर, चारी बाजूंना समास आखून, एकेक अक्षर ड्राफ्ट्समनच्या वळणाने उभे केलेले. खाली उजव्या कोपऱ्यात, यंत्राच्या नकाशाला असते तशी चौकट: कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले. पहिल्या रकान्यात त्याची सही होती. मंजुरीचा रकाना साहेबांसाठी मोकळा होता.

"मधला तुझा," तो म्हणाला. "न तपासलेला कागद मी आजवर टेबलावरून पुढे सोडलेला नाही. कॉफी रोज तू प्यायचीस, आणि दहाव्या दिवशी सही करायचीस."

आत्याबाईंना आणि हणमंतरावांना तोवर काही कळू द्यायचे नव्हते. दुकानाचे गुपित होते. भाजणी म्हणजे सुटीतला छंद, असे आत्याबाईंना सांगायचे ठरले.

खरे तर कॉफी तपासायला आत्याबाईंसारखे माणूस अख्ख्या चामराजपेटेत नव्हते. पण नवरात्रात आपल्याला सर्वांत आवडते ते सोडायचे, असा त्यांचा नेम होता, आणि दरवर्षी त्या नऊ दिवस कॉफी सोडायच्या. वासाने अर्धे जेवण होते म्हणून वासही वर्ज्य. म्हणजे ज्या नऊ दिवसांत घरात कॉफीचा धूर कोंडणार होता, नेमक्या त्याच नऊ दिवसांत घरातली एकमेव जाणकार नाकाला पदर लावून पुढच्या खोलीत बाहुल्या मांडत बसली होती. बंगळुरात नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, ती हौस या मराठी घरानेही कधीच उचलली होती.

राहिली विद्या. विद्या चहाच्या गावची. निपाणीच्या घरात कॉफी व्हायची ती कोजागरीला, आणि तिच्यात जायफळ इतके असायचे की कॉफी बिचारी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून असे. त्यामुळे चांगली कॉफी कशी असते हे विद्याला ठाऊक नव्हते. वाईट कशी असते हे तिला पहिल्याच दिवशी कळले.

शेषगिरी भाजायचा घड्याळ लावून. मिनिटाला चाळीस फेरे, एकूण सतरा मिनिटे, असा त्याने तक्ता केला होता. शेगडीवरच्या पिंपातून धूर येवो, जाळ येवो, बिया तडतडून ओरडोत, सतरा मिनिटे म्हणजे सतरा मिनिटे. बिया वरून कोळसा झाल्या होत्या आणि आतून हिरव्याच होत्या. फोलपटे उडून वाळत घातलेल्या धोतरांवर बसली. मग दळण, मग फिल्टर, मग दूध-साखर, आणि शेषगिरीने पेला विद्याच्या हातात दिला. त्याच्या नाकाच्या शेंड्याला काजळी लागली होती. निकालाच्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोरासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

विद्याने एक घोट घेतला. जळक्या लाकडावर कच्चे शेंगदाणे ठेचून घातले तर जे होईल, ते तिच्या जिभेवर होते.

"छान आहे," ती म्हणाली.

लग्नाला पाच महिने झालेली बायको दुसरे काय म्हणणार होती? पण ते एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बदलता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने फेरे पंचेचाळीस केले. कॉफी छान होती. तिसऱ्या दिवशी वेळ एकोणीस मिनिटे केली. कॉफी छान होती. तो वहीत तारीख, फेरे, मिनिटे लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात तिचे उत्तर. सगळ्या रकान्यांत एकच शब्द पडत गेला आणि त्याची मान ताठ होत गेली. तो वहीत तोंड खुपसून बसला की विद्या उरलेली कॉफी अबोलीच्या कुंडीत ओतायची. तुळशीत ओतायची तिची छाती नव्हती.

बाहुल्या बघायला येणाऱ्या बायकांना तरी ही कॉफी जाऊ नये म्हणून तिने गूळ-वेलचीचे पानक करून ठेवले आणि आमच्या निपाणीला नवरात्रात पानकच देतात, असे ठोकून दिले. निपाणीत असे काही नव्हते. शेजारच्या प्रेमाबाई मात्र ते ऐकून फार प्रभावित झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडेही पानक सुरू झाले.

अष्टमीला संध्याकाळी शेषगिरीने वही मिटली. "आठच्या आठ दिवस छान," तो म्हणाला. "आता विचार करायचं काही उरलंच नाही. सही करून टाक."

 विद्याच्या डोळ्यांपुढे मल्लेश्वरमचा गाळा आला, गाळ्यात काजळी लागलेला नवरा, समोर तोंड वाकडे करून परत जाणारी गिऱ्हाइके, आणि निपाणीला फंडाची बातमी ऐकून आडवे झालेले वडील. खरे सांगायला तिने तोंड उघडले आणि तोंडातून भलतेच निघाले. "दिवेलागणीला सही करू नये म्हणतात."

"मग उद्या."

"उद्या खंडेनवमी. उद्या लेखणीला हात लावत नाहीत."

ते मात्र खरे होते. खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची हत्यारे देवापुढे मांडायची, त्यांना गंध-फूल वाहायचे आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सुतार रंधा मांडतो, टांगेवाला टांगा धुऊन माळ घालतो. आत्याबाई तर विळीही मांडायच्या. त्या दिवशी घरात चिरायची भाजी होत नसे. शेषगिरी दरवर्षी आपली पेटी मांडायचा: टी-स्क्वेअर, कंपास, पेन्सिली, फूटपट्टी.

या वर्षी सकाळी त्याने अंघोळीआधी पिंप घासूनपुसून देवासमोर ठेवले. पेटी आणि नकाशे काढायचा लाकडी फळा तसेच कोपऱ्यात भिंतीला टेकवलेले. विद्याने विचारले, तर हळूच म्हणाला, "आयुध बदललं." आणि न्हाणीघरात गेला.

विद्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. सात वर्षे पोसणारी पेटी एका सकाळीत सावत्र झाली होती. फळ्यावर कोऱ्या कागदाखाली तो राजीनामा सपाट राहावा म्हणून टाचण्यांनी लावलेला होता, हे तिला माहीत होते. तिने पेटी उचलली, फळा उचलला आणि दोन्ही पिंपाशेजारी मांडून टाकले. वरचा कोरा कागद वाऱ्याने उडेल म्हणून काढून ठेवला. कागदाला देवापुढे धक्का लागणार नाही, एवढाच आपला विचार होता, असे ती पुढे जन्मभर सांगत आली.

शेषगिरी सोवळे नेसून आला तोवर आत्याबाई पूजेला बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. सुरेख अक्षरांचा कागद दिसला म्हणून त्यांनी त्याला भरघोस मान दिला: मधोमध गंधाचे बोट, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू, वर ओल्या अक्षता आणि झेंडू. शेषगिरीने आ वासला. पण तोंडातून शब्द काढावा तर गुपित फुटणार, आणि हात पुढे करावा तर आयुध विटाळणार. त्याने विद्याकडे पाहिले. विद्या डोळे मिटून मनोभावे हात जोडून उभी होती.

दहाच्या सुमारास मल्लाप्पा प्रसादाचे चुरमुरे घेऊन आला. मल्लेश्वरमला नागोजीराव म्हणून कॉफीचे जुने दुकानदार होते. त्यांनी मल्लाप्पाच्या दुकानात हे पिंप तयार होताना बघितले होते आणि त्यांना असलेच हवे होते, पण वीस पौंडांचे. "अण्णा, उद्या सकाळी नकाशा द्या, मी पत्रा कापतो. त्यांचं जुनं यंत्र बिया सांडतंय," असे सांगून तो गेला.

शेषगिरी सोप्यावर बसला. मग उठला. मग बसला. दोन पौंडांचे पिंप वीस पौंडांचे करायचे म्हणजे नुसते मोठे करून भागत नाही. मधला दांडा वाकेल. आत पंख बसवावे लागतील, नाही तर बिया तळाशीच राहतील. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे मांडीवर आपोआप चालू लागली. तो देवघराच्या दाराशी गेला, पेटीकडे पाहिले, परत आला. पुन्हा गेला. आत्याबाई माळ ओढता ओढता म्हणाल्या, "शेष्या, स्वल्प दम धर की. पळून जात नाहीत ती."

विद्या डाळ शिजत घालून हे बघत होती. सकाळपासून नऊ वेळा तो देवघराच्या दाराशी गेला होता. नऊच्या नऊ वेळा त्याची नजर पेटीवर गेली होती. पिंपाकडे त्याने एकदाही बघितले नव्हते. ते शेजारीच होते, चांगले कोहळ्याएवढे, झेंडूची माळ घालून.

साडेअकराला घरातले चालणे थांबले. विद्या बाहेर आली तर शेषगिरी दारासमोर उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात रांगोळीचा डबा होता. रांगोळी काही पूजेत मांडलेली नव्हती. फूटपट्टी नव्हती, पण आपली वीत पावणेनऊ इंच आहे हे त्याला पाठ होते. सडा घातलेल्या जमिनीवर वीस पौंडांचे पिंप उमटत होते: वरून, समोरून आणि कडेने. मापांच्या रेघांना दोन्ही टोकांना नाजूक बाण होते.

"बरं झालं आलीस," तो वर न बघता म्हणाला. "हा दोरा इथे मधोमध धरून बस."

ती बसली. तिच्या बोटाखाली वर्तुळाचा मध्य होता आणि तो दोऱ्याचे दुसरे टोक धरून रांगोळी सोडत तिच्याभोवती फिरू लागला. इतक्या सुखात तिने त्याला आठ दिवसांत पाहिला नव्हता. झोपाळ्याच्या कड्या उतरवून घेताना पाहिला होता तसा होता.

"अहो," ती म्हणाली, "कॉफी वाईट होते."

"दोरा ढिला सोडू नकोस."

त्याने वर्तुळ पुरे केले. टोकाला टोक बिनचूक मिळाले. मग तो टाचांवर बसला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"रोज?"

"पाचव्या दिवशी जरा कमी वाईट होती."

"मग छान का म्हणालीस?"

"तुमच्या नाकाला काजळी लागली होती," विद्या म्हणाली, आणि हे उत्तर तिला आत जितके पटत होते तितके बाहेर पटणारे नाही, हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आले.

 शेषगिरीने एका मापाचा बाण पुसून पुन्हा काढला. "तुला कॉफीतलं कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "उद्या आत्या पिईल. ती म्हणेल ते खरं."

यानंतर दोघे दिवसभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलली. संध्याकाळी बाहुल्या बघायला आलेल्या बायका मात्र रांगोळीला वळसा घालून, पदर सावरून, अदबीने आत आल्या. प्रेमाबाईंनी विचारले की हे कुठल्या देवीचे यंत्र. विद्या म्हणाली, आमच्याकडचेच आहे. प्रेमाबाईंनी दांड्याच्या मधोमध हळदीकुंकू वाहिले आणि नमस्कार केला. पुढच्या चौघींनीही केला.

दसऱ्याच्या पहाटे साडेपाचला आत्याबाई नेम सोडायला पाटावर बसल्या. घरात पिंपात भाजलेली, अष्टमीची कॉफी होती, आणि पहिला पेला शेष्याच्या हातचाच घेणार असे त्यांनीच जाहीर केले होते. शेषगिरीने स्वतः फिल्टर लावला, दूध तापवले, फेस आणला. विद्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आपण खोटे पडलो तर बरे की खरे पडलो तर बरे, हे तिला ठरवता येईना.

आत्याबाईंनी नऊ दिवसांनंतरचा पहिला घोट घेतला. डोळे मिटले. गिळला. डोळे उघडून समोरच्या माळ घातलेल्या पिंपाकडे बराच वेळ पाहिले.

"शेष्या," त्या म्हणाल्या, "यंत्र झकास केलायस. एक दाणा सांडत नाही, एक आवाज करत नाही. त्यात कॉफी तेवढी घालू नकोस."

शेषगिरीने फिल्टरचे झाकण काढून आत वाकून पाहिले.

"माणूस नाकानं भाजतो रे. तू घड्याळानं भाजालास. नाकाला पदर लावून बसले होते मी, तरी मला कळत होतं, आणि तुला शेगडीपुढं बसून कळेना." मग त्यांनी विद्याकडे मोर्चा वळवला. "आणि तू. आठ दिवस ती अबोली मान टाकून बसली आहे. तिला पाणी मी घालते. मला काय दिसत नाही होय?"

विद्याने मान खाली घातली. पेला खाली ठेवून आत्याबाई उठल्या, फडताळातून बाजारच्या कॉफीचा डबा काढला आणि फिल्टर घासायला घेतला.

शेषगिरी देवघरात गेला. आयुधे आता हलवायची वेळ झाली होती, आणि दसऱ्याला प्रत्येकाने आपल्या हत्याराने थोडे तरी काम करायचे असते. तो पिंपासमोर क्षणभर उभा राहिला. मग त्याने फळा उचलला. राजीनाम्यावर गंध वाळून खपली धरली होती, हळद समासातून मजकुरात उतरली होती आणि ओल्या अक्षतांनी साहेबांचे नाव फुगवले होते. असला कागद घेऊन कोणी साहेबापुढे गेले असते, तर साहेबांनी आधी प्रसाद मागितला असता.

विद्या मागे येऊन उभी राहिली. दुसरा लिहिता येईल, असे म्हणावेसे तिला वाटले. ती म्हणाली नाही. आठ दिवस नको ते बोलून झाले होते.

"कागद चांगला आहे," शेषगिरी म्हणाला. "याची मागची बाजू स्वच्छ आहे."

त्याने राजीनामा उलटा करून टाचण्या मारल्या, पेन्सिलीला टोक केले आणि दारात जाऊन रांगोळीवरून मापे उतरवून आणली. प्रेमाबाईंच्या कुंकवाखाली दांड्याचे माप गेले होते, तेवढे पुन्हा काढावे लागले. सातला मल्लाप्पा आला तेव्हा नकाशा पुरा झाला होता. खालच्या चौकटीत शेषगिरीने आपली सही केली आणि पेन्सिल विद्यापुढे धरली.

"नीट बघ," तो म्हणाला. "छान आहे म्हणू नकोस."

विद्याने खरोखर नीट बघितले. तिन्ही चित्रे बोटाने मोजत गेली. मग म्हणाली की वरून आणि समोरून मूठ उजवीकडे आहे, कडेने काढताना ती गेली कुठे? शेषगिरीने पाहिले. कडेच्या चित्रात मूठ काढायची राहिली होती. सात वर्षांत त्याच्या कागदात पहिल्यांदा चूक निघाली होती आणि ती निपाणीच्या बाईने काढली होती. त्याने मूठ काढली, तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या बसने कारखान्यात गेला. नागोजीरावांचे यंत्र दिवाळीपर्यंत चालू झाले. ते बघून एकाने पापड वाळवायचे यंत्र मागितले, दुसऱ्याने शेंगदाणे सोलायचे. शेषगिरी रविवारी आखायचा, मल्लाप्पा बनवायचा. त्या यंत्रांत काय घालायचे, ते ज्याचे त्याने बघावे, असा नियम आत्याबाईंनी घालून दिला. गाळा काही मल्लेश्वरममध्ये मिळाला नाही. मल्लाप्पाच्या दुकानाची मागची खोली मिळाली. १९६३च्या जूनमध्ये शेषगिरीने खरोखर राजीनामा दिला. साध्या कागदावर, चार ओळींचा. पण उजव्या कोपऱ्यात चौकट होती, आणि मधल्या रकान्यात विद्याची सही. साहेबांनी विचारले की ही कोण. तो म्हणाला, आमच्याकडे तपासणी तिची.

हणमंतरावांना फंडाचे दुःख झाले, ते त्यांनी तीन पानी पत्रात कळवले. खाली ताजा कलम होता: हत्तींचे काय झाले?

म्हैसूर त्यानंतरही जमले नाही, कारण प्रत्येक दसऱ्याला कुणाचे तरी यंत्र अडलेले असायचे. खंडेनवमीला पेटी देवापुढे जायची, आणि दहा वाजले की घरात तोच प्रश्न यायचा.

"विद्या, रांगोळीचा डबा कुठे ठेवलाय?"

ती दोरा घेऊनच बाहेर यायची.